दुसऱ्याची बोटं

जाहिरात देवमाशांच्या स्थलांतरावरच्या संशोधनाची असो, जुन्या नाण्यांच्या धातूची असो की हवेच्या प्रदूषणाची, शेवटची ओळ आता सगळीकडे एकच असायची: उमेदवाराला स्वतःच्या हाताने प्रोग्रॅम लिहिता आला पाहिजे. जुईली भिलारे दोन वर्षं ती ओळ वाचत होती आणि जाहिरात बंद करत होती.

तिचा विषय दगडफूल. मसाल्यात घालतात तेच. एक बुरशी आणि एक शेवाळ यांनी मिळून कातळावर थाटलेला तो संसार असतो, आणि आसपासची हवा बिघडली की सगळ्यात आधी तो मोडतो. साताऱ्याभोवतीच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, ऊनवारा खात हिंडून जुईलीने पीएच.डी. मिळवली होती. त्यानंतर दोन-तीन वर्षांची पोस्टडॉकची जागा मिळाली तरच पुढे संशोधनात टिकता येतं. त्या जागांसाठी ती चाचणी अडसर होऊन बसली होती.

मधली काही वर्षं सगळे प्रोग्रॅम यंत्रंच लिहीत होती. संशोधकाने तोंडी सांगायचं, यंत्राने ओळीच्या ओळी लिहून द्यायच्या. मग एकामागून एक शोधनिबंध मागे घ्यायची वेळ आली. त्या हजारो ओळींत कुठेतरी एक चूक असायची, आणि ती ओळखेल असं माणूस प्रयोगशाळेत उरलेलंच नसायचं. म्हणून संशोधन संस्थांनी मिळून एक सामाईक चाचणी सुरू केली. घरी बसून, कॅमेऱ्यासमोर, कुठल्याही यंत्राच्या मदतीशिवाय प्रोग्रॅम लिहायचा. तिचं अधिकृत नाव लांबलचक होतं. मुलं तिला ‘चाळणी’ म्हणायची.

“मी देतो तुझी चाळणी,” एका सकाळी चहा पिताना निनाद म्हणाला.

निनाद तिचा धाकटा भाऊ. आई-वडील गेल्यापासून साताऱ्याच्या गोडोली भागातल्या त्या घरात ही दोघंच राहायची. एका कंपनीसाठी तो बँकांच्या जुनाट प्रणाली सांभाळायचा. त्या इतक्या जुन्या होत्या की नवी यंत्रं त्यांना हात लावू शकत नव्हती, म्हणून त्याचं सगळं काम हाताने टाइप करण्याचं. शिवाय तो कॅरममध्ये जिल्ह्यात पहिला आलेला. घरात सगळे म्हणायचे, देवाने बोटं दिली ती निनादला.

“ही फसवणूक आहे,” जुईली म्हणाली.

“कामाला लागल्यावर शिकशीलच की. दगडफूल त्यांना कोण ओळखून देणार, मी?”

तिने आणखी महिनाभर स्वतः शिकून पाहिलं. मग एके दिवशी तीच म्हणाली, “कसं करायचं सांग.”

करणं सोपं होतं. कॅमेऱ्यात जुईलीचा चेहरा आणि खांदे दिसत. तिच्यापुढचा कीबोर्ड कशालाच जोडलेला नव्हता. जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, कॅमेऱ्याच्या मागे, खरा कीबोर्ड घेऊन निनाद बसायचा. नोंदणीच्या वेळी ओळख म्हणून काही मजकूर टाइप करून द्यावा लागे. तोही त्यानेच दिला. आदल्या दिवशी त्यांनी तालीम केली.

“इतकं बडवू नकोस गं, पेटी वाजवतेयस का? आणि चेहरा जरा विचारात असल्यासारखा ठेव. तू घाबरलेली दिसतेस.”

“मी घाबरलेलीच आहे.”

निकाल उत्तम लागला. निनाद पेढे घेऊन आला. त्या पावसाळ्यात जुईलीने जिथे जिथे जागा होती तिथे अर्ज केला, आणि बहुतेक ठिकाणांहून मुलाखतीला बोलावणं आलं. मुलाखती छान व्हायच्या. समोरची माणसं तिच्या कातळांचे फोटो पाहून खुर्चीत पुढे सरकायची. मग काहीच कळवलं जायचं नाही. विचारलं तर दोन ओळींचा नकार यायचा. आधी तिला वाटलं, आपली चोरी पकडली गेली. पण चोरी पकडली असती तर कोणीतरी तसं म्हटलं असतं.

गणपती झाल्यावर डॉ. अनघा रिसबूड यांचा फोन आला. त्या पुण्यातल्या एका संस्थेत पर्यावरण विभागाच्या प्रमुख होत्या. तिथेही जुईलीची मुलाखत झाली होती, आणि तिथूनही नकारच आला होता.

“पुण्याला येऊन जा एकदा. फोनवर नको,” त्या म्हणाल्या.

संस्थेच्या मागे करंजाच्या झाडांखाली त्या तिला घेऊन गेल्या. फोन दोघींनी आत ठेवले होते.

“मी हे तुला सांगायला नको. चाळणीचा उमेदवाराला दिसतो तेवढाच निकाल नसतो. निवड समितीला आणखी एक शेरा दिसतो. तब्येतीचा.”

“तब्येतीचा? पण तपासणी तर कुणी केलीच नाही.”

“केली. तू टाइप करत होतीस तेव्हा.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपण एखादी कळ दाबतो तेव्हा ती सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागाइतकी दबलेली राहते. बोट उचलायचं कधी हे मेंदूच्या खोल भागातून ठरतं. तिथे डोपामिन नावाचं द्रव्य लागतं. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, ते द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरायला लागतो तोवर निम्म्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात. पण त्याच्या कितीतरी वर्षं आधी कळ सोडण्याच्या वेळा किंचित विस्कळीत व्हायला लागतात. वेग कमी होत नाही, चुका वाढत नाहीत, माणसाला स्वतःला काहीच जाणवत नाही. फक्त त्या वेळांचा नेमकेपणा ढळतो. काही तास एकाग्रतेने प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाच्या बोटांत हा फरक यंत्राला स्वच्छ दिसतो. चाचणी चालवणाऱ्यांनी ही तपासणी नंतर आत घातली होती. संमती उमेदवार सुरुवातीलाच देत, त्या कुणीही न वाचलेल्या लांब मजकुराखाली. शेरा जायचा आरोग्य विमा कंपनीकडे. आणि विम्याशिवाय संस्थेला कुणाला नेमता येत नव्हतं.

“तुझ्या नावापुढे धोका मोठा आहे असं आलंय,” रिसबूड म्हणाल्या. “आठ-दहा वर्षांत कंपवात. जुईली, तुला वास येतो ना नीट? या आजारात आधी वास जातो म्हणतात.”

“दगडफुलाच्या वासावरच तर माझं काम चालतं, मॅडम.”

“तरी डॉक्टरांना दाखव. मी समितीत भांडले. माझं कुणी ऐकलं नाही.”

परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर जुईलीने आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि पाहत राहिली. आईची आठवण आली. चाळिशीत आपण कशा असू, कपाटाचं कुलूप तरी उघडता येईल का, असलं काहीबाही मनात आलं. बस खंबाटकीच्या नव्या बोगद्यात शिरली तेव्हा एकाएकी तिच्या लक्षात आलं की टाइप तिने केलंच नव्हतं.

तिला सुटल्यासारखं वाटलं. अंगावरचं ओझं कुणी उचलून घ्यावं तसं. ते ओझं कुणी उचललं हे कळायला बोगद्याचं तोंड यावं लागलं. मग ती खिडकीकडे तोंड करून सातारा येईपर्यंत रडली. भावासाठी, आणि त्या सुटकेच्या भावनेसाठीही.

निनादला काही बोलण्याआधी तिला नीट माहिती हवी होती. साताऱ्यातच डॉ. इनामदार नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञ होत्या. जुईली त्यांच्याकडे गेली ती रुग्ण म्हणूनच. दुसरं कोण म्हणून जाणार? त्यांनी तिला चालायला लावलं, बोटांची टोकं जुळवायला लावली, डोळे मिटून लवंग हुंगायला दिली.

“आता तरी काहीच दिसत नाही. इतक्या आधी दिसतही नाही,” त्या म्हणाल्या. “पण शेरा दहातल्या नऊ जणांच्या बाबतीत खरा ठरतो. खोटं सांगून तुम्हाला बरं वाटवणार नाही.”

“उपाय?”

“बरा करणारा नाही. लांबवणारा आहे. कातडीवर लावायची पट्टी, आठवड्याला एक. लक्षणं दिसायच्या आधी सुरू केली तर आजार बरीच वर्षं मागे ढकलता येतो, असं सुरुवातीचे निष्कर्ष सांगतात. उशिरा उपयोग नाही. अजून ती बाजारात नाही. ज्यांच्या नावावर शेरा आहे त्यांनाच देखरेखीखाली मिळते. एकदा रक्त द्यायचं, आणि दर महिन्याला घरून टाइप करून पाठवायचं, म्हणजे औषध किती चालतंय ते आम्हाला कळतं.”

“आणि शेरा नसलेल्या माणसाला?”

“त्याने आधी चाचणी द्यायची, मग शेरा येणार. पण नोकरी करणारा असेल तर विचार करूनच द्यावी.” डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. “शेरा पुसता येत नाही.”

जुईलीला हे ठाऊक होतं. निनादच्या कंपनीत जुन्या लोकांना ही तपासणी अजून लागू नव्हती. पण स्वतःहून निदान करून घेतलेली दोन माणसं तिथून गेल्या वर्षी ‘स्वेच्छेने’ बाहेर पडली होती, हे त्यानेच तिला सांगितलं होतं.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी निनाद पुढच्या खोलीत एकटाच कॅरम खेळत होता. जुईली समोर येऊन बसली. त्याने राणीवर नेम धरला आणि स्ट्रायकर केसभर बाजूने गेला. पूर्वी असला फटका त्याचा चुकत नसे. तिने तेव्हाच सांगून टाकलं. आडवळणं न घेता, सगळं, क्रमाने.

निनादने सोंगट्या परत मध्यावर मांडायला घेतल्या. काळी, पांढरी, काळी. मांडून झाल्या तरी तो त्यांच्याकडेच पाहत होता.

“नक्की?”

“दहात नऊ.”

“म्हणजे एक उरतो.”

“हो.”

“शेरा कुणाच्या नावावर आहे?”

“माझ्या.”

त्याने स्ट्रायकर उचलून मुठीत घेतला. मग म्हणाला, “म्हणजे पट्टीही तुझ्या नावावर मिळेल.”

तिच्या मनात हे आलं नव्हतं असं नाही. तरी त्याच्या तोंडून ऐकताना ती हबकली. “निनाद, ते औषध अजून पारखलं जातंय. त्यांच्या तक्त्यात वय माझं, वजन माझं, रक्त माझं, आणि बोटं तुझी. पुढच्या लोकांना किती मात्रा द्यायची हे त्या आकड्यांवरून ठरणार आहे.”

“हजारो लोक असतील त्यात. एकाने काय बिघडतं?”

“प्रत्येक जण एकच असतो.”

“ताई, माझी नोकरी गेली तर दुसरी मिळणार नाही. कुठेच. तुला मिळत नाहीये तशी.” मग खालच्या आवाजात म्हणाला, “मी त्या खुर्चीत तुझ्यासाठी बसलो होतो.”

एवढं तो एकदाच म्हणाला. नंतर कधीही नाही. जुईलीने डॉ. इनामदारांकडे जाऊन संमती दिली आणि स्वतःचं रक्त दिलं. पट्टी त्याला सोसेल ना हे पाहायला निनादचं रक्त तिने दुसऱ्याच निमित्ताने बाहेर तपासून घेतलं. महिन्याअखेर पट्ट्यांचा पहिला खोका घरी आला. डाव्या खांद्यामागे पट्टी लावायची तर हात पोचत नसे, म्हणून दर सोमवारी जुईलीच ती त्याला लावून द्यायची. दर महिन्याचं टाइपिंगही त्यांनी पूर्वीसारखंच केलं. आता तालमीची गरज नव्हती.

तुळशीचं लग्न झाल्यावर निनादचा साखरपुडा झाला. शर्वरी कराडची. वडिलांबरोबर ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. मोठ्याने हसणारी, कामाला वाघ. दोघांची ओळख त्याआधी वर्षभराची होती, आणि लग्न फाल्गुनात धरायचं ठरलं. साखरपुड्याच्या आधी जुईली निनादला म्हणाली, “तिला सांगितलंस?” तो म्हणाला, “सांगतो.” ओटी भरताना शर्वरी तिच्या पाया पडली, आणि जुईलीला कळलं की त्याने सांगितलेलं नाही.

एकदा शर्वरी घरी आलेली असताना तिने दुधासाठी फ्रीज उघडला. आत जुईलीच्या नावाचा खोका होता. तिने वरचं वाचलं आणि वळून पाहिलं. जुईलीने तोंड उघडायच्या आत निनाद म्हणाला, “ताईला आहे ते. कंपवाताची सुरुवात. अजून काही दिसत नाही, पण पुढे होणार. आनुवंशिक नाहीये, डॉक्टरांनी सांगितलंय.”

तो इतक्या सहज बोलला की जुईलीलाच क्षणभर ते खरं वाटलं.

शर्वरीने दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि येऊन जुईलीचे दोन्ही हात धरले. त्या दिवसापासून ती आली की जुईलीच्या हातून कुकर काढून घ्यायची, बरण्यांची झाकणं सैल करून ठेवायची. जिना उतरताना कोपराला हात लावायची. “ताई, मला हाक मारत जा,” म्हणायची. “लाजायचं काय त्यात?” निनाद तेव्हा पेपर वाचत बसलेला असायचा.

त्या हिवाळ्यात निनाद रोज सकाळी जुईलीला प्रोग्रॅमिंग शिकवू लागला. तीही हट्टाला पेटल्यासारखी शिकली. आधी न सुटणारी गाठ एकदा सुटली आणि मग तिला गोडी लागली. कातळाच्या फोटोवरून दगडफुलाच्या जाती ओळखायच्या, त्यांच्या कडा किती आक्रसल्या ते मोजायचं आणि त्यावरून गेल्या दहा वर्षांतल्या हवेचा अंदाज बांधायचा, असा प्रोग्रॅम तिने स्वतः लिहिला. निनादने तो वाचला, एक-दोन ठिकाणी भुवया उंचावल्या आणि म्हणाला, “हे मी लिहिलं असतं तर इतकं चांगलं झालं नसतं.” त्यांच्यातला तो शेवटचा निखळ आनंदाचा दिवस.

तो प्रोग्रॅम तिने रिसबूडना पाठवला. संक्रांतीच्या सुमारास त्यांचा फोन आला.

“एका देणगीदाराने विभागाला निधी दिलाय. त्यातून नेमलेल्या माणसाला विम्याची अट नाही. तीन वर्षांची जागा आहे, आणि ती तुझ्यासारख्या माणसासाठीच आहे. तुझा तो शेरा मला नको, तू हवीस.”

“कधी येऊ?” जुईलीने विचारलं.

“एकच आहे,” त्या पुढे म्हणाल्या. “नियमाप्रमाणे चाळणी पुन्हा द्यावी लागेल. या वेळी इथे येऊन, आमच्यासमोर, आमच्या यंत्रावर. तुला अवघड नाही आता. मी तुझा प्रोग्रॅम वाचलाय.”

तिला अवघड नव्हतंच. तिच्या बोटांनी ती चाचणी सहज दिली असती. आणि त्या बोटांची चाल जुन्या नोंदीशी जुळली नसती. पहिल्या काही ओळींतच यंत्राला कळलं असतं की ही ती बाई नव्हे. मग फसवणूक उघडी पडली असती, आणि पट्ट्या बंद झाल्या असत्या.

तिने निनादला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “तुला जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही.” पण तो तिच्याकडे पाहत नव्हता.

“त्याचं नंतर बघू. आधी तू शर्वरीला सांग.”

“लग्न झाल्यावर सांगतो.”

“लग्नाआधी. नाहीतर मी सांगेन.”

आठवडा गेला. तो बोलला नाही.

शर्वरी तिला त्या दिवसांत गाडी शिकवत होती. “जमतंय तोवर शिकून ठेवा, ताई,” म्हणाली होती आणि मग स्वतःच जीभ चावली होती. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या रस्त्यावर दोघी निघाल्या होत्या. शर्वरीचे पाय तिच्या बाजूच्या ब्रेकवर तयार होते, पण ते वापरायची वेळ येत नव्हती.

“किती हलका हात आहे तुमचा,” ती म्हणाली. “नवशिके स्टिअरिंगला लोंबकळतात.”

जुईलीने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. “शर्वरी, मला काहीही झालेलं नाही,” ती म्हणाली, आणि पुढचं सगळं सांगितलं.

शर्वरीने मध्ये एकदाही अडवलं नाही. एक गुराखी आपल्या म्हशी गाडीच्या दोन्ही बाजूंनी हाकत निघून गेला, तोवर ती समोर काचेतून पाहत होती.

“गाडी चालवताना वळणावर त्याचा डावा हात मागे राहतो,” शेवटी ती म्हणाली. “मी त्याला ओरडायचे त्यावरून. मला वाटायचं, लक्ष नाही.”

“मला माफ कर.”

“त्याला कधीपासून माहीत आहे?”

“दिवाळीच्या आधीपासून.”

“साखरपुडा दिवाळीनंतर झाला.” ती आता जुईलीकडे वळली. “ओटी तुम्ही भरलीत माझी.”

शर्वरीने तिला उतरायला सांगितलं, जागा बदलली आणि घरापर्यंत स्वतः गाडी चालवत आणली. दारात सोडलं आणि निघून गेली. निनादला तिने काही दिवस फोन केला नाही, त्याचा घेतला नाही. तो जेवायला बसायचा आणि उठून जायचा. जुईलीशी त्याने बोलणं सोडलं. घरात फक्त सोमवारी पट्टी लावताना तो शर्ट खांद्यावरून खाली ओढून पाठमोरा उभा राहायचा.

मग एका दुपारी तो कामात असताना शर्वरी आली. जुईलीला म्हणाली, “गच्चीवर येता?”

वर वाळवणं घातली होती. शर्वरी कठड्याला टेकली. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज स्वच्छ होता.

“मी लग्न करणार आहे. त्याला काय बोलायचं ते बोलून झालंय माझं. घरी कुणाला सांगणार नाही.”

जुईलीचा जीव भांड्यात पडला. ती पुढे झाली, पण शर्वरी जागची हलली नाही.

“मी कराडला एका डॉक्टरांना विचारून आले. नाव न सांगता. ती पट्टी मध्येच थांबली तर आजार आधी होता त्यापेक्षा झपाट्याने पुढे जातो. हे तुम्हाला माहीत होतं?”

“नव्हतं.”

“म्हणून ती थांबता कामा नये. त्याच्या नावावर घ्यायची तर नोकरी जाईल. नोकरी गेली तर मी चालवेन घर, त्याचं काही नाही. पण ते नव्याने देतीलच असं नाही. फसवलंय म्हटल्यावर तर नाहीच.” तिने श्वास घेतला. “तुम्ही पुण्याच्या मॅडमना नाही म्हणून सांगा.”

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. जुईली म्हणाली, “शर्वरी, ही एकच जागा आहे. माझं वय आता... यापुढे कुणी बोलावणार नाही मला. मी आता खरंच शिकलेय गं. स्वतः.”

“मला माहीत आहे, ताई. त्याने सांगितलंय मला, तुम्ही किती छान लिहिता ते.” शर्वरीचा आवाज पहिल्यांदा हलला. “तुम्ही दोघांनी मला न विचारता माझं ठरवून टाकलं होतं. मी निदान विचारतेय.”

तिने हात धरला नाही, पाया पडली नाही. उत्तराची वाट पाहत उभी राहिली. जुईलीला वाटलं, ही रडली असती तर नाही म्हणता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने रिसबूडना फोन केला. म्हणाली, मला येता येणार नाही. रिसबूडनी हळूच विचारलं, “वाढलंय का?”

“हो,” जुईली म्हणाली.

“काळजी घे. प्रोग्रॅम तुझ्या नावाने वापरू आम्ही. तेवढी तरी परवानगी दे.”

ती जागा हैदराबादच्या एका मुलाला मिळाली. लग्न फाल्गुनात झालं. शर्वरी घरात आली आणि सोमवारची पट्टी ती लावू लागली. जुईली एका कनिष्ठ महाविद्यालयात तासावर शिकवायला जाऊ लागली. तिथे प्रोग्रॅम लिहावा लागत नसे आणि विमाही नव्हता. सड्यावर ती जायची, पण फोटो काढायची नाही.

पुढच्या हिवाळ्यात डॉ. इनामदारांनी तिला बोलावून संगणकावर एक आलेख दाखवला. “हे तुमचं. सव्वा वर्षात रेघ जवळजवळ सपाट आहे. इतका चांगला प्रतिसाद फार थोड्यांचा आहे.” पट्टी घेणाऱ्यांचा एक मेळावा पुण्यात भरणार होता. “तुम्ही आलात तर लोकांना धीर येईल. बोलू नका हवं तर, नुसतं बसा.”

जुईलीने टाळायचा प्रयत्न केला. पण नकाराचं कारण काय सांगणार? ती गेली.

सभागृहात शंभरेक माणसं होती. बरीचशी तिच्याच वयाची, आणि त्यातली पुष्कळ चाळणीतून मागे राहिलेली. एक पदार्थविज्ञानातला, दोघी जनुकशास्त्रातल्या. डॉक्टरांनी तिला उभं करून ओळख करून दिली तेव्हा टाळ्या वाजल्या. चहाच्या वेळी एक बाई गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ आली. मागे तिचा नवरा दोन कप सांभाळत होता. बाई खगोलशास्त्रात होती, म्हणाली. ताऱ्यांच्या प्रकाशाचे प्रोग्रॅम लिहायची. तिचा उजवा हात पोटाशी धरलेला होता आणि तरी हलत होता.

“बघू?” तिने विचारलं, आणि डाव्या हाताने जुईलीचा हात आपल्या हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. “किती स्थिर आहे हो. मी तुमच्या आधी दोन महिने सुरू केलं होतं. एकही पट्टी चुकवली नाही. डॉक्टर म्हणतात प्रत्येकाचं शरीर वेगळं. पण मला वाटतं माझंच काहीतरी चुकतंय.”

“तुमचं काही चुकत नाहीये,” जुईली म्हणाली.

“मग तुम्ही कुठे लावता? पट्टी?”

आजूबाजूचे दोघे-तिघे बोलायचे थांबले आणि ऐकू लागले. जुईलीने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

“डाव्या खांद्यामागे,” ती म्हणाली.

“मी पोटावर लावत होते.” बाईचा चेहरा उजळला. तिने मान वळवून नवऱ्याला सांगितलं, “ऐकलंत ना? खांद्यामागे. आता आपण तिथे लावून बघू.”